मोडीत न निघालेला समुद्र

हुपरीच्या चांदीबाजारात जुन्या वस्तूची किंमत वजनावर ठरते. किनाऱ्यावर टाकून दिलेली होडी, फाटलेले जाळे आणि विटलेली दोरी यांपासून शिल्प घडवणारे कलावंत मात्र वजनापलीकडची किंमत मागतात. या दोन व्यवहारांमधले नाते उलगडण्याचा हा प्रयत्न.

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातले हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी साऱ्या देशाला परिचित आहे. पैंजण, तोडे, जोडवी, करदोटे अशा दागिन्यांचे काम येथे आणि रेंदाळ, यळगूड यांसारख्या शेजारच्या गावांतून घरोघरी चालते. एका घरात चांदीची तार ओढली जाते, दुसऱ्या घरात कड्या जुळवल्या जातात, तिसऱ्या घरात झाळकाम होते आणि चौथ्या घरातून झळाळी घेऊन पैंजण बाहेर पडते. हा सारा प्रदेश उसाचा आणि काळ्या मातीचा. समुद्र येथून सह्याद्रीच्या पलीकडे, घाट उतरून गेल्यावर भेटणारा. तरीही चांदीच्या या बाजारपेठेत समुद्राची एक खूण पिढ्यान्‌पिढ्या वावरत आली आहे. विवाहित स्त्रीच्या पायाच्या बोटात जोडव्यांसोबत जी ‘मासोळी’ असते, ती नावाने आणि पुष्कळदा आकारानेही मासाच आहे. जिने आयुष्यात कधी समुद्र पाहिला नाही, अशा देशावरच्या स्त्रीच्या पायातही मासा वस्तीला असतो.

मात्र या मासोळीचे आयुष्य संपते कसे, हे पाहिले की एक वेगळाच प्रश्न समोर उभा राहतो. दागिना झिजला, तुटला किंवा जुन्या घडणीचा वाटू लागला की तो पेढीवर ‘मोड’ म्हणून येतो. त्याचे वजन होते, टंच काढला जातो, घट वजा होते आणि उरलेल्या शुद्ध चांदीचा हिशेब गिऱ्हाइकाच्या हाती पडतो. पुढे ती मोड मुशीत जाते. काही मिनिटांत आजीची मासोळी, बाळाचे वाळे आणि कुणाचा तरी तुटका करदोटा यांचा एकच रस होतो. चांदी जवळजवळ सगळी वाचते. आकार, झीज, कुणी किती वर्षे पायात वागवली याची साक्ष, हे सारे मात्र त्या क्षणी नाहीसे होते. व्यापाराच्या दृष्टीने यात काहीच वावगे नाही. किंबहुना काहीही वाया न घालवण्याची ही शिस्तच या धंद्याचा कणा आहे. कारागिराच्या खोलीतली झाडलोटसुद्धा फेकली जात नाही. ती चाळून, धुऊन तिच्यातून चांदीचे कण वेगळे करणाऱ्या झारेकऱ्यांची एक स्वतंत्र परंपरा आपल्याकडे आहे.

जगातील कलाविचारात गेल्या शतकभरात एक प्रवाह असा निर्माण झाला, की जो बरोबर याच्या उलट दिशेने जातो. तोही टाकून दिलेल्या वस्तूच गोळा करतो. मात्र तो त्या वितळवत नाही. वस्तूची झीज, तिचा डाग, तिचा तुटका कोपरा हीच त्याची चांदी असते. या प्रवाहाला ‘सापडलेल्या वस्तूंची कला’ असे म्हणता येईल. मासेमारीच्या परंपरा आणि समुद्र हा या कलेचा एक अत्यंत समृद्ध प्रांत आहे.

सापडलेली वस्तू म्हणजे काय?

फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशां याने १९१३ मध्ये स्वयंपाकघरातल्या एका स्टुलावर सायकलचे चाक उलटे बसवले. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी त्याने चिनी मातीचे तयार मूत्रपात्र ‘फाउंटन’ या नावाने पाठवले आणि आयोजकांनी ते मांडण्यास नकार दिला. वाद मोठा झाला. कलावंताने स्वतःच्या हाताने काही घडवलेच नसेल तर त्याला कला का म्हणायचे, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत विचारला जातो. त्याचे एक उत्तर पाब्लो पिकासो याने १९४२ मध्ये अगदी सहजपणे दिले. सायकलची जुनी बैठक आणि तिचे हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडून त्याने बैलाचे शिर साकारले. बैठक बैठकच राहिली, हँडल हँडलच राहिले आणि तरीही पाहणाऱ्याला समोर बैल दिसू लागला. वस्तूची आधीची ओळख न पुसता तिला दुसरी ओळख देणे, हे या कलेचे मर्म होय.

भारतीय वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे चंदीगडचे रॉक गार्डन. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्तेविषयक कामावर असलेल्या नेकचंद यांनी १९५७ च्या सुमारास फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे आणि बांधकामाचा राडारोडा जमवून कुणालाही कळू न देता एक नगरीच उभी करायला घेतली. १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. मुंबईत पिलू पोचखानवाला यांनी भंगारातले लोखंड जोडून शिल्पे घडवली. म्हणजे हा विचार आपल्याकडे नवा नाही. नवे आहे ते त्याचे समुद्राशी जुळलेले नाते.

पंचगंगेच्या काठी सागरदेव

कोल्हापूरकरांना समुद्राचे हे बोलावणे परके वाटण्याचे कारण नाही. शहराच्या पश्चिमेस पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात जे प्राचीन अवशेष उजेडात आले, त्यांत ब्राँझची एक छोटी मूर्ती होती. ती निघाली ग्रीकांचा सागरदेव पोसायडन याची. टेकडीचे शास्त्रशुद्ध उत्खनन १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केले. हातात मावेल एवढी ही मूर्ती आज टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाची शान आहे. सातवाहनांच्या काळात भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघालेला माल कोकणातल्या बंदरांवर उतरत असे आणि घाट चढून देशावरच्या पेठांत पोहोचत असे. त्याच वाटेने हा सागरदेवही येथवर आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही मूर्ती ब्राँझची आहे. एखाद्या तांबटाच्या हाती ती पडली असती तर भांड्याच्या धातूत तिचा कधीच रस झाला असता. धातूचे वजन म्हणून पाहिले तर तिची किंमत नगण्यच. ती मातीत राहिली, वितळली नाही, म्हणूनच दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागरी व्यापाराचा तो धागा आपल्या हाती लागला. एखादी वस्तू जशीच्या तशी वाचणे म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट धडा कोल्हापूर परिसरात दुसरा नसेल.

किनाऱ्यावरची सामग्री

महाराष्ट्राला लांबलचक किनारा लाभला आहे. या किनाऱ्यावरील मासेमारीची साधने म्हणजे ओळखी-पारखीने भरलेला एक मोठा कोशच होय. पालघर, मुंबई आणि रायगडच्या पट्ट्यात डोल हे जाळे प्रसिद्ध आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात पिशवीसारखे तोंड उघडून हे जाळे रोवून ठेवायचे आणि प्रवाहासोबत येणारे बोंबील, कोळंबी त्यात सापडू द्यायची, अशी त्याची रीत. पकडलेले बोंबील बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातले जातात. दक्षिणेस सिंधुदुर्गात आणि गोव्यात रापण चालते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळे टाकायचे आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून दोन गटांनी ओढायचे. त्यात म्हातारे असतात, पोरे असतात, कधी पाहुणेही हात लावतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. रापणीचा दोर ही म्हणूनच केवळ दोरी नसते. तिला अनेक हातांचा घाम लागलेला असतो.

या साधनांची घडण गेल्या काही दशकांत मुळापासून बदलली. पूर्वी जाळी सुताची किंवा तागाची असत. ती घरी विणली जात, झाडाच्या सालीच्या रसात रंगवून टिकाऊ केली जात आणि फाटली की बंदरावर बसून सांधली जात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर नायलॉन आले. जाळे हलके झाले, मजबूत झाले आणि कुजेनासे झाले. लाकडी तरंगांच्या जागी प्लास्टिकचे गोळे आले. माशाचे तेल पाजून वर्षानुवर्षे जपलेल्या लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या आल्या. बाहेर पडले ते लाकूड, दोर, दगडी आणि शिशाची वजने, जुनी वल्ही, सुकाणू आणि नांगर. काही जळणाला गेले, काही भंगारात, काही वाळूतच कुजले.

नायलॉनचे न कुजणे हा सुरुवातीला गुण वाटला होता. तोच पुढे दोष ठरला. समुद्रात सुटलेले किंवा टाकलेले जाळे कित्येक वर्षे मासे, कासवे पकडतच राहते. त्याला जगभर ‘भुताचे जाळे’ म्हणतात, कारण मालक नसतानाही ते शिकार करीत असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने पर्यावरण कार्यक्रमाच्या साथीने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा साधनांचे प्रमाण वर्षाला सुमारे ६ लाख ४० हजार टन असावे, असा ढोबळ अंदाज दिला होता. त्या आकड्यावर पुढे शंका घेतल्या गेल्या. प्रश्न गंभीर आहे याबद्दल मात्र दुमत नाही.

म्हणजे किनाऱ्यावर आज दोन प्रकारच्या टाकाऊ वस्तू आढळतात. एक, जुन्या पद्धतीच्या मासेमारीने मागे ठेवलेल्या. त्या माणसाच्या हाताची आठवण सांगतात. दुसऱ्या, नव्या पद्धतीने मागे ठेवलेल्या. त्या माणसाच्या बेफिकिरीची साक्ष देतात. या दोन्हींकडे कलावंत वळले आहेत.

कलावंतांच्या आधी कोळी

समुद्राने दिलेली वस्तू उचलून तिला मानाचे स्थान देणे, ही गोष्ट कलादालनांनी कोळ्यांना शिकवलेली नाही. नारळी पौर्णिमेला कोळी समाज समुद्राला नारळ अर्पण करतो तेव्हा समुद्र हा देणारा आहे, ही श्रद्धा त्यामागे असते. जो देतो त्याने किनाऱ्यावर आणून टाकलेली वस्तूही मग टाकाऊ ठरत नाही. गुजरातेत वलसाडजवळच्या मगोद डुंगरी येथे तांडेल समाजाचे मत्स्यमाताजीचे देऊळ आहे आणि तेथे देवमाशाच्या हाडांची पूजा होते. वाहून आलेल्या अवशेषांना तेथील मच्छीमारांनी देवत्व दिले. पुस्तकी भाषेत ज्याला ‘सापडलेली वस्तू’ म्हणतात, ती येथे कलासमीक्षकांच्या कितीतरी आधी गाभाऱ्यात विराजमान झाली आहे.

युरोपातही असाच एक माणूस होऊन गेला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्ह्ज या बंदरगावी आल्फ्रेड वॉलिस नावाचा वृद्ध राहत असे. तरुणपणी त्याने समुद्रावर आणि मासेमारीवर काम केले, नंतर बंदरावरच्या भंगाराचा व्यापार केला. १९२२ मध्ये पत्नी वारल्यावर एकटेपणा घालवण्यासाठी तो चित्रे काढू लागला. कागद विकत घेणे त्याला जमणारे नव्हते. खोक्यांचे वेडेवाकडे फाटलेले पुठ्ठे आणि होड्यांना लावायचा रंग एवढीच त्याची सामग्री. पुठ्ठ्याचा तिरका आकार पाहून तो होडीची दिशा ठरवी. १९२८ मध्ये बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वूड या चित्रकारांच्या नजरेस ती चित्रे पडली आणि इंग्रजी आधुनिक चित्रकलेवर त्यांचा ठसा उमटला. वॉलिस मात्र १९४२ मध्ये निराधारांच्या आश्रयगृहात वारला. त्याची चित्रे संग्रहालयांत गेली आणि त्याचे दारिद्र्य होते तसेच राहिले, ही या कहाणीची दुसरी बाजू आहे. ती पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

गोवा, ठाणे आणि ऑस्ट्रेलिया

आपल्या जवळचे ठळक नाव गोव्याचे डॉ. सुबोध केरकर यांचे. वैद्यकीय व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ कलेकडे वळले. समुद्र हाच त्यांच्या कामाचा विषय, सामग्री आणि पुष्कळदा सहकारीही आहे. जुन्या होड्या, शिंपले, किनाऱ्याची वाळू यांतून त्यांनी मांडण्या केल्या. मच्छीमारांनाच किनाऱ्यावर एकत्र बसवून मासळीचे वा होडीचे भले मोठे आकार साकारले. चिनी मातीच्या थाळ्या समुद्रात ठेवून त्यांवर कालवांना घर करू देण्याचा त्यांचा प्रयोग तर विशेष बोलका आहे. थाळी माणसाने घडवली, तिच्यावरची नक्षी समुद्राने केली आणि कलावंताने फक्त वाट पाहिली. शतकानुशतके याच समुद्रमार्गांनी चिनी मातीची भांडी व्यापाराला जात होती आणि बुडालेल्या जहाजांसोबत तळाशीही जात होती, हे आठवले की त्या थाळीचा अर्थ खोल होतो. पिळर्ण येथील औद्योगिक वसाहतीत २०१५ मध्ये त्यांनी ‘म्युझियम ऑफ गोवा’ हे कलासंग्रहालय सुरू केले.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील शिल्पकार पराग तांडेल यांची वाट वेगळी आहे. ते स्वतः कोळी समाजातले. जे शहर आज ठाणे म्हणून ओळखले जाते, ते त्यांच्या पूर्वजांसाठी खाडीकाठचे गाव होते. खाडीतले जीव, माशांचे आकार आणि कोळ्यांचे अन्न, भाषा, स्मरण हा त्यांच्या शिल्पांचा विषय आहे. कादंबरी कोळी-तांडेल यांच्यासह त्यांनी ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज’ हा उपक्रम हाती घेऊन कोळी समाजाच्या वस्तू आणि आठवणी जमवण्याचे काम सुरू केले. बाहेरून आलेला कलावंत किनाऱ्यावर वस्तू ‘शोधतो’. घरातला माणूस ती ‘सांभाळतो’. या दोन क्रियापदांतला फरक तांडेल यांच्या कामाने लक्षात आणून दिला आहे.

२०१२ मध्ये पहिल्या कोची-मुझिरिस बिनालेत सुबोध गुप्ता यांनी मांडलेली केरळी होडी पुष्कळांना आठवत असेल. लांबलचक लाकडी होडीत भांडी, जाळी, अंथरूण-पांघरूण, जुने सामान असे एका कुटुंबाचे अवघे आयुष्य भरले होते. ती होडी पाण्यात नव्हती, तिरकी उभी होती. निघालेले कुणीतरी कुठे पोहोचलेच नाही, असा भास ती निर्माण करीत असे.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस टोरेस सामुद्रधुनीत एरुब नावाचे छोटे बेट आहे. तेथील मूळ रहिवासी वाहत येणारी ‘भुताची जाळी’ सोडवून, त्यांच्या दोऱ्यांपासून कासवे, मासे आणि होड्या विणतात. ज्या जाळ्याने कासव मारले, त्याच जाळ्याचे कासव. २०१६ मध्ये मोनाकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयात या विणकामाला मानाची जागा मिळाली. नवीन धागा वापरून ते कासव अधिक सुबक झाले असते. पण मग त्याचा अर्थच उरला नसता.

सजावट की स्मृती?

येथवर वाचून एखाद्याला वाटेल, की टाकाऊ वस्तू उचलली, भिंतीवर लावली की झाली कला. तसे नाही. किनाऱ्यावरच्या कित्येक हॉटेलांत छताला जाळे टांगलेले असते, त्यात प्लास्टिकचे खेकडे अडकवलेले असतात आणि दाराशी अर्धी कापलेली होडी कुंडी म्हणून ठेवलेली असते. या वस्तूही सापडलेल्याच. फरक कसा ओळखायचा? सामान्य रसिकाला तीन साधे प्रश्न उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न, ही वस्तू मुळात काय होती, हे कलाकृती पाहून कळते का? पिकासोच्या बैलात सायकल कळते. हॉटेलातल्या जाळ्याकडे पाहून मात्र ते डोलीचे आहे की रापणीचे, याचा पत्ता लागत नाही, कारण लावणाऱ्यालाही तो नको असतो. दुसरा प्रश्न, दुसरी कोणतीही वस्तू तेथे चालली असती का? चालली असती, तर ती सजावट. चालली नसती, तर तिथे काही सांगायचे होते. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. जिच्या घरून ती वस्तू आली, त्या माणसाचे या व्यवहारात काय झाले? वॉलिसची आठवण येथे ठेवावी. होडी कलादालनात लाखमोलाची ठरली आणि ती चालवणारा भंगाराच्या भावात मोकळा झाला, तर त्या कलेने वस्तू वाचवली आणि माणूस मोडीत काढला, असेच म्हणावे लागेल.

हा तिसरा प्रश्न आज आपल्या किनाऱ्यावर फार ज्वलंत आहे. पर्ससीन जाळ्यांनी होणाऱ्या यांत्रिक मासेमारीविरुद्ध रापणकर आणि छोटे मच्छीमार अनेक वर्षे झगडत आले. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी संघर्ष संपला नाही. मुंबईत कोळीवाड्यांच्या हद्दी, मासळी सुकवण्याच्या मोकळ्या जागा आणि बंदरावर जाण्याच्या वाटा यांवर विकासाचे दडपण आहे. ज्या जगण्यातून या वस्तू आल्या ते जगणेच आकसत असताना, तिच्या अवशेषांवर कला फुलावी ही गोष्ट सुखाची आहे तशीच अस्वस्थ करणारीही आहे. कला येथे दोन्हींपैकी काहीही होऊ शकते, साक्षीदार किंवा वारसदार नसलेल्या घरातला लिलाववाला.

एक गैरसमजही दूर केला पाहिजे. अशा शिल्पांनी समुद्र स्वच्छ होत नाही. टनावारी जाळ्यांपुढे एक कासव किती दोर वापरणार? तिचे काम वेगळे आहे. कचरा म्हणून ज्याकडे पाहायचे आपण टाळतो, त्याकडे ती पाहायला लावते. त्या दृष्टीने ती यशस्वी झाली, तर पुढचे काम नागरिकांचे आणि शासनाचे.

हुपरीला याचे काय?

समुद्र नसलेल्या गावाने या साऱ्यातून काय घ्यावे? पुष्कळ काही घेता येईल, कारण जुन्या वस्तूचे काय करायचे हा प्रश्न हुपरीइतका रोज कुठल्याच गावासमोर उभा राहत नसेल. पैंजणाच्या धंद्यातही यंत्रे आली आहेत. तार ओढण्याची छिद्रांची पोलादी पट्टी, हाताने ठोकायचे ठसे, फुंकनळी, झाळकामाचे चिमटे, चांदी तोलायचे छोटे काटे ही साधने एकेक करून बाजूला पडत आहेत. तीही भंगारवाल्याच्या तराजूतच जातात. त्या पट्टीच्या एकेका छिद्रातून किती तार गेली असेल याचा हिशेब नाही, पण त्या छिद्राची झीज तो हिशेब सांगते. रापणीच्या दोराला जसे हातांचे ओरखडे, तशीच ही झीज.

पंचगंगेच्या काठावरचा भोई समाजही मासेमारीच करीत आला आहे. नदी प्रदूषित होऊन मेलेल्या माशांचा खच दिसल्याच्या बातम्या या परिसराला आता नव्या राहिलेल्या नाहीत. मासोळी चांदीत टिकावी आणि नदीत मरावी, हा विरोधाभास कलावंतांपेक्षा आपल्याला अधिक बोचला पाहिजे. भोयांची जाळी, त्यांच्या डोण्या, त्यांच्या तोंडची माशांची नावे हे सारे जमवायला समुद्रावर जाण्याची गरज नाही.

यासाठी मोठ्या कलासंग्रहालयाची वाट पाहावी लागते असेही नाही. शाळेतील एक वर्ग, ग्रंथालयातील एक कपाट, पेढीच्या दर्शनी भागातली एक काचपेटी एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते. अट एकच, वस्तूसोबत तिचे नाव, तिचा उपयोग आणि ती वापरणाऱ्या हातांची माहिती लिहून ठेवली पाहिजे. वापरणाऱ्याचे नाव नसलेली वस्तू म्हणजे पुन्हा मोडच. तिच्यापासून शिल्प घडवायचे की ती तशीच ठेवायची, हे कलावंत ठरवतील. पण ती उरली तरच त्यांना ठरवता येईल.

चांदी वितळवणे थांबवा, असे कुणी हुपरीला सांगणार नाही आणि सांगूही नये. वितळणे हा चांदीचा धर्म आहे आणि त्या आटणीवर येथील हजारो घरांच्या चुली पेटतात. मागणे एवढेच, की मुशीत टाकण्यापूर्वी एकदा वस्तू हातात घेऊन पाहावी. शंभरांतल्या नव्याण्णव वस्तू मुशीत जातील आणि जाव्यातही. शंभरावी मात्र अशी निघेल, की जिची किंमत तराजूत मावणार नाही. ब्रह्मपुरीच्या मातीत तो ब्राँझचा सागरदेव दोन हजार वर्षे टिकून राहिला, तो केवळ योगायोगाने. आपल्या काळातल्या वस्तूंना इतक्या दीर्घ योगायोगाचा भरवसा देता येत नाही. त्यांच्यासाठी कुणीतरी, आज, डोळसपणे हात पुढे करावा लागेल.